पित्तनलिकेच्या कर्करोगात चिनी औषधी द्रव्ये: दावा कसा तपासावा, काढा कसा करावा, कुठे थांबावे

पित्तनलिकेच्या कर्करोगात एखाद्या चिनी औषधाचा विषय निघाला की घरातले आधी विचारतात, ‘यात काय काय आहे?’ त्याच्याही आधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे: पित्त आतड्यात उतरते आहे का? पुढचे जवळजवळ सगळे या एका उत्तरावर ठरते. तीच वनस्पती, तीच मात्रा, तोच रुग्ण. मार्ग मोकळा असताना जे निभावते ते मार्ग बंद असताना अंगाशी येते.

हा लेख चिनी वैद्यकातल्या द्रव्यांविषयी आहे आणि एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट सांगायला हवी. कोणत्याही चिनी काढ्याने किंवा वनस्पतीच्या अर्काने पित्तनलिकेच्या कर्करोगात आयुष्य वाढते, असे मोठ्या तुलनात्मक चाचणीत सिद्ध झालेले नाही. गाठ काढता येण्याजोगी असेल तर शस्त्रक्रिया हाच बरे होण्याचा खरा मार्ग आहे. काढ्याचा ‘एक महिना प्रयोग करून बघू’ म्हणून ती लांबणीवर टाकणे ही या आजारातली सगळ्यात महागात पडणारी चूक. तरीही माणसे ही औषधे घेतात. भूक लागावी, मळमळ कमी व्हावी, काहीतरी हातात असावे, यासाठी घेतात. घ्यायचीच असतील तर ती आंधळेपणाने घेतली जाऊ नयेत.

आधी मार्ग मोकळा

यकृत दिवसाला साधारण ५०० ते ८०० मिलि पित्त तयार करते. गाठीने नलिका दाबली गेली की हे पित्त मागे साचते. डोळे पिवळे होतात, लघवी गडद होते, शौच फिकट मातकट होते, अंगाला खाज सुटते. इतके सगळ्यांना माहीत असते. मात्र त्याच वेळी आणखी दोन गोष्टी घडतात आणि त्या दिसत नाहीत. पहिली अशी की पित्तावाटे बाहेर पडणारी द्रव्ये शरीरातच रेंगाळतात. वनस्पतींतली पुष्कळ द्रव्ये याच वाटेने बाहेर जातात, म्हणून नेहमीची मात्राही जास्त ठरू शकते. दुसरी अशी की पित्त आतड्यात नसल्याने के जीवनसत्त्व शोषले जात नाही आणि रक्त गोठायला वेळ लागतो. अशा माणसाला ‘रक्ताभिसरण सुधारणारी’ म्हणून दानशेन किंवा दांगग्वेई ही चिनी मुळे दिली की रक्तस्रावाचा धोका दोन वाटांनी येतो.

म्हणून काढ्याची पुडी उघडण्यापूर्वी हातात ताजे रिपोर्ट हवेत: एकूण आणि डायरेक्ट बिलिरुबिन, अल्कलाइन फॉस्फेटेज, जीजीटी, एएलटी, अल्ब्युमिन, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा), क्रिएटिनिन, पोटॅशियम, मॅग्नेशियम आणि रक्तपेशींचे काऊंट. सोबत अलीकडची सोनोग्राफी किंवा एमआरसीपी, म्हणजे पित्तनलिकेचा एमआरआय. नलिका फुगलेली दिसत असेल आणि बिलिरुबिन चढते असेल तर उपाय यांत्रिक आहे: दुर्बिणीतून स्टेंट (नलिका उघडी ठेवणारी छोटी नळी) टाकणे किंवा त्वचेतून यकृतात नळी घालून पित्त बाहेर काढणे. पित्त ‘वाहते’ करणाऱ्या काढ्याने अडथळा निघत नाही. पुढे बूच लागलेल्या नळीत मागून पाणी सोडले तर दाब तेवढा वाढतो.

स्टेंट टाकला म्हणजे विषय संपला असेही नाही. प्लास्टिकचा स्टेंट साधारण तीन महिन्यांत गाळाने तुंबतो, धातूचा त्याहून जास्त टिकतो. स्टेंटची तारीख औषधांच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. काढा सुरू करून पंधरा दिवस झाले आणि कावीळ परतली, तर दोष काढ्याचा की तुंबलेल्या स्टेंटचा, हे ती तारीख पाहिल्यावर निम्मे कळते.

थंडी वाजून ताप, कावीळ आणि उजव्या बरगडीखाली दुखणे या तीन गोष्टी एकत्र आल्या तर पित्तनलिकेत जंतुसंसर्ग झाला आहे असे धरून त्याच तासाला रुग्णालय गाठायचे. तिन्ही एकत्र यायची वाट पाहू नका, स्टेंट असलेल्या माणसाला ३८ अंश सेल्सिअसच्या वर ताप एवढेही पुरेसे आहे. चिनी वैद्यकात ‘उष्णता काढणारी’ म्हणून ज्या वनस्पती सांगतात त्या या तापावरचे औषध नाहीत. हा संसर्ग रात्रीतून रक्तात पसरतो.

द्रव्य वेगळे, काढा वेगळा

‘चिनी औषधाने कर्करोगाच्या पेशी मेल्या’ असे वाचले की पहिली तपासणी ही: पेशी कशाने मेल्या? एका शुद्ध द्रव्याने, एका वनस्पतीच्या अर्काने, की अनेक वनस्पतींच्या काढ्याने? तिन्हींचा पुरावा एकमेकांना लागू होत नाही.

शुद्ध द्रव्याची वाट कशी असते ते शीशू नावाच्या चिनी झाडाच्या उदाहरणात नीट दिसते. त्याच्या सालीतून मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी कॅम्पटोथेसिन वेगळे केले आणि १९६६ मध्ये त्याची रचना प्रसिद्ध केली. मूळ द्रव्य पाण्यात विरघळत नव्हते आणि विषारीही होते. रेणूत बदल करून त्यातून इरिनोटेकान आणि टोपोटेकान ही औषधे झाली. इरिनोटेकान आज पित्तनलिकेच्या कर्करोगातही काही ठिकाणी दुसऱ्या फळीच्या केमोत वापरतात. त्याची मात्रा शरीराच्या क्षेत्रफळावर मोजतात, बिलिरुबिन वाढले तर कमी करतात, शिरेतून देतात. यावरून त्या झाडाची साल घरी उकळून प्यावी असे कोणी म्हणणार नाही. बाकीच्या द्रव्यांनाही हाच न्याय लावायचा.

पित्तनलिकेच्या कर्करोगाच्या पेशींवर प्रयोगशाळेत ज्यांचे नाव सारखे येते ती द्रव्ये अशी. ह्वांगल्यानच्या मुळातले बर्बेरिन, जे दारुहळदीतही असते. हळदीतले कर्क्युमिन. खूशेनच्या मुळातले मॅट्रिन. छिंगहावमधले आर्टेमिसिनिन आणि त्याची रूपे. याच द्रव्याच्या मलेरियावरील शोधासाठी थू यूयू यांना २०१५ चे नोबेल मिळाले. दानशेनमधले टॅनशिनोन. लेइगोंगथेंग वेलीतले ट्रिप्टोलाइड हे यांत सर्वांत जहाल: पेशी मारते खरे, पण यकृत, मूत्रपिंड आणि अस्थिमज्जेलाही सोडत नाही. म्हणूनच अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात त्याचे पाण्यात विरघळणारे रूप तयार केले गेले आणि ते चाचणीच्या चौकटीतच दिले गेले. बानमाओ या भुंग्यातले कँथारिडिन त्वचेवर फोड आणते आणि पोटात गेल्यास लघवीतून रक्त जाते. त्याचे सौम्य केलेले रूप, नॉरकँथारिडिन, चीनमध्ये यकृताच्या कर्करोगासाठी वापरतात. अख्खा बानमाओ चिनी औषधकोशात आहे तो दिवसाला ०.०३ ते ०.०६ ग्रॅम एवढ्या मात्रेत. ही मात्रा घरच्या काट्यावर मोजताच येत नाही. जे मोजता येत नाही ते घरी घ्यायचे नाही.

दाव्याचे गणित

प्रयोगशाळेतल्या दाव्याची परीक्षा घ्यायला पाच मिनिटे आणि साधा गुणाकार पुरतो. शोधनिबंधात मात्रा ‘मायक्रोमोलर’मध्ये दिलेली असते. तिला द्रव्याच्या रेणुभाराने गुणले की नॅनोग्रॅम प्रति मिलि हे उत्तर येते, आणि ते माणसाच्या रक्तात मोजलेल्या पातळीशी ताडून पाहता येते.

कर्क्युमिनचा रेणुभार ३६८. पेशी मारायला १० मायक्रोमोलर लागले असे धरू. १० गुणिले ३६८ म्हणजे ३,६८० नॅनोग्रॅम प्रति मिलि. आता माणसाकडे पाहू. स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या रुग्णांनी रोज ८ ग्रॅम कर्क्युमिन घेतले तेव्हा रक्तात साधारण २० ते ४० नॅनोग्रॅम प्रति मिलि एवढेच सापडले. म्हणजे शंभरपट कमी. बर्बेरिनची स्थिती आणखी बिकट. त्याचा रेणुभार ३३६, प्रयोगात ५० मायक्रोमोलर असेल तर १६,८०० नॅनोग्रॅम हवे. ४०० मिलिग्रॅमची एक मात्रा पोटातून घेतल्यावर रक्तात सापडते अर्ध्या नॅनोग्रॅमच्या आसपास. इथे फरक दहा हजारांच्या पटीत गेला.

मग मात्रा वाढवावी का? नाही. आतडे आणि यकृत ही द्रव्ये मुद्दाम अडवतात. आतड्यात साठलेले बर्बेरिन इतर औषधांच्या शोषणात ढवळाढवळ करते आणि यकृतातली विकरे (एन्झाइम) अडवते, त्यामुळे कर्करोगापर्यंत न पोहोचताही ते दुसऱ्या औषधाची पातळी बिघडवू शकते. कर्क्युमिनचे शोषण वाढवायला मिरीतले पायपरिन घालतात. ते पायपरिन केवळ कर्क्युमिनपुरते दार उघडत नाही, रुग्ण घेत असलेल्या बाकीच्या गोळ्यांनाही तेच दार उघडे होते.

दुसरी परीक्षा अवयवाची. २०१८ मध्ये ह्वाईअर या बुरशीच्या दाणेदार औषधाची चीनमधली मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. १,०४४ रुग्ण, शस्त्रक्रियेनंतर ९६ आठवडे, आजार न उलटलेले ६२.३९ टक्के विरुद्ध औषध न घेतलेल्यांत ४९.०५ टक्के. आकडे दखल घेण्याजोगे आहेत. पण ते रुग्ण यकृतपेशींच्या कर्करोगाचे होते. पित्तनलिकेचा कर्करोग यकृताच्या आत उगवला तरी तो वेगळा आजार आहे, त्याची जनुके वेगळी, औषधे वेगळी. ‘लिव्हर कॅन्सर’ या एका शब्दाखाली हे दोन्ही खपवले जातात, तिथे सावध व्हायचे.

तिसरी परीक्षा तुलनेची. भेकाच्या त्वचेपासून केलेले ह्वाछानसू हे इंजेक्शन चीनमध्ये अनेक कर्करोगांत वापरतात. स्वादुपिंडाच्या कर्करोगात जेमसिटाबिन या केमोच्या औषधासोबत ते आणि नुसते जेमसिटाबिन अशी तुलना केली, तेव्हा काही फायदा दिसला नाही (२०१२). तुलना नसती तर जो बरा राहिला तो इंजेक्शनमुळे असेच वाटले असते. याउलट पित्तनलिकेच्या कर्करोगातला खरा पुरावा कसा असतो ते पाहा: २०१० मध्ये ४१० रुग्णांत जेमसिटाबिन आणि सिस्प्लॅटिन एकत्र दिल्यावर सरासरी आयुष्य (मध्यक) ८.१ वरून ११.७ महिन्यांवर गेले. पुढे २०२२ मध्ये त्यात ड्युरव्हॅलुमॅब हे इम्युनोथेरपीचे औषध मिळवल्यावर ११.५ वरून १२.८. वाढ लहान आहे, हे मान्य. पण ती मोजलेली आहे.

पित्तनलिकेच्या कर्करोगातच माणसांवर तपासलेली वनस्पती म्हणून त्सांगझूचे नाव घ्यावे लागते. शास्त्रीय नाव अ‍ॅट्रॅक्टिलोडिस लान्सिया. थायलंडच्या ईशान्य भागात कच्च्या माशातून शिरणाऱ्या यकृतकृमीमुळे हा कर्करोग फार आढळतो. तिथे या वनस्पतीच्या प्रमाणित अर्काच्या कॅप्सूल आधी निरोगी स्वयंसेवकांना आणि नंतर पुढच्या टप्प्यातल्या रुग्णांच्या छोट्या गटाला देऊन तपासल्या. हे काम प्रामाणिक आणि योग्य क्रमाने चाललेले आहे, त्यावर लक्ष ठेवावे. पण छोट्या गटावरून उपचार ठरत नाही, आणि बाजारातली त्सांगझूची पावडर म्हणजे तो प्रमाणित अर्क नव्हे.

आणखी एक सापळा सीए १९-९ चा, म्हणजे या कर्करोगाचा माग ठेवायला रक्तात मोजतात त्या पदार्थाचा. नलिका तुंबली की हा आकडा कर्करोग न वाढताही चढतो आणि स्टेंट टाकल्यावर आपोआप उतरतो. त्याच आठवड्यात काढा सुरू केला असेल तर श्रेय काढ्याला जाते. तुलना करायची तर बिलिरुबिन खाली येऊन स्थिरावल्यानंतरच्या दोन आकड्यांची करा. काही लोकांच्या रक्तात हा पदार्थ जन्मतःच तयार होत नाही, त्यांच्या बाबतीत कमी आकड्याला अर्थच नसतो.

यिनछेनहाव थांग: एक काढा जवळून

कावीळ म्हटले की चिनी वैद्य ज्या काढ्याकडे वळतात तो यिनछेनहाव थांग. झांग झोंगजिंग यांच्या ‘शांग हान लुन’ या सुमारे १,८०० वर्षांपूर्वीच्या ग्रंथात तो आहे. घटक तीनच. यिनछेन म्हणजे आपल्या दवण्याच्या कुळातली आर्टेमिसिया कॅपिलारिस. झीझी म्हणजे अनंताचे फळ. फूल नव्हे, पिकून वाळलेले फळ. आणि दाह्वांग म्हणजे रेवंदचिनीचे मूळ. जपानमध्ये हाच काढा इनचिनकोतो या नावाने दाणेदार रूपात मिळतो आणि पित्तनलिकेच्या शस्त्रक्रियांच्या संदर्भात तिथल्या शल्यचिकित्सकांनी त्याचा अभ्यास केला आहे, तोही पित्ताला नळीने वाट करून दिल्यानंतर.

तो कसा चालतो हे कळले की कुठे बिघडतो तेही कळते. झीझीत जेनिपोसाइड असते. आतड्यातले जीवाणू त्याचे जेनिपिन करतात. जेनिपिन यकृतपेशींतला एक वाहक पित्ताच्या बाजूच्या पडद्यावर आणून बसवते आणि पित्त जास्त सुटते. त्यामुळे अँटिबायोटिक चालू असताना हे रूपांतर मंदावू शकते आणि काढा ‘लागू पडत नाही’. नलिका बंद असेल तर सुटलेल्या पित्ताला जायला जागा नसते. रेवंदचिनीतले सेनोसाइडही जीवाणूंमुळेच रेचक बनते, म्हणून दोन माणसांना एकाच काढ्याने वेगवेगळे जुलाब होतात.

मार्ग मोकळा आहे, उपचार करणाऱ्या ऑन्कॉलॉजिस्टला माहीत आहे आणि शिकलेल्या चिनी वैद्याने मात्रा लिहून दिली आहे, असे असेल तर काढा असा करतात. चिनी औषधकोशातल्या दिवसाच्या मर्यादा: यिनछेन ६ ते १५ ग्रॅम, झीझी ६ ते १० ग्रॅम, दाह्वांग ३ ते १५ ग्रॅम. अशक्त रुग्णाला दाह्वांग खालच्या टोकालाच ठेवावे, यात घासाघीस करू नये. जुन्या ग्रंथातले ‘ल्यांग’ हे माप आजच्या ग्रॅममध्ये स्वतः बदलत बसू नका, त्याच्या वजनावर अभ्यासकांचेच मतभेद आहेत.

भांडे मातीचे, काचेचे किंवा स्टीलचे. लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम नको, वनस्पतींतली टॅनिने त्यांच्याशी संयोग पावतात आणि काढा काळपट, तुरट होतो. यिनछेन हलके आणि केसाळ असते. ते सुटे टाकले तर काढ्यात तंतू उतरून घशाला टोचतात, म्हणून सैल मलमलच्या पुरचुंडीत बांधावे. झीझीची फळे ठेचून घ्यावीत, अख्खी राहिली तर आतला भाग नीट उतरत नाही. वनस्पती गार पाण्यात अर्धा तास भिजत ठेवा. पाणी त्यांच्या वर दोन-तीन सेंटिमीटर यायला हवे. गरम पाण्यात थेट टाकल्या तर वरचा थर आक्रसतो आणि आतले द्रव्य अडकते.

मूळ ग्रंथात यिनछेन आधी एकटे उकळून पाणी निम्म्यावर आणायला सांगितले आहे, मग उरलेली दोन घालून पुन्हा निम्म्यावर. आजही तोच क्रम ठेवतात. उकळी येईपर्यंत आच मोठी, नंतर मंद, झाकण ठेवून. दाह्वांग कधी घालता यावर सगळे फिरते: शेवटच्या पाच-दहा मिनिटांत घातले तर जुलाब जोरदार, वीस मिनिटांहून जास्त उकळले तर सौम्य. केमोवरच्या माणसाला जोरदार नकोच. काढा गाळून पुन्हा थोडे पाणी घालून वीस मिनिटे उकळा, दोन्ही एकत्र करा, साधारण ३०० मिलि होईल. त्याचे दोन भाग करून कोमट प्यायचे. फ्रिजमध्ये एक दिवस ठेवला तर चालतो, त्याहून जास्त नको. पांढऱ्या पेशी कमी असलेल्या माणसाला शिळा काढा देऊच नये.

दिवसाला तीनपेक्षा जास्त पातळ जुलाब झाले तर काढा बंद. पोटॅशियम जाते, आणि सिस्प्लॅटिनने ते आधीच खाली खेचलेले असते. झीझीचे काढे वर्षानुवर्षे घेतल्यास मोठ्या आतड्याच्या शिरा कडक होण्याचा विकार जपानमध्ये नोंदला गेला आहे. सवयीचे पेय म्हणून हा काढा नाही.

दाणेदार अर्क वापरणार असाल तर पुडक्यावरचे गुणोत्तर वाचा. ५:१ म्हणजे १ ग्रॅम दाणे बरोबर ५ ग्रॅम कच्ची वनस्पती. वैद्याने ‘यिनछेन १५ ग्रॅम’ लिहिले असेल तर दाणे ३ ग्रॅम घ्यायचे. कागदावरचा १५ पाहून १५ ग्रॅम दाणे घेतले की ७५ ग्रॅम वनस्पती पोटात गेली. ही चूक फार सहज होते, कारण चिठ्ठी आणि पुडके वेगवेगळ्या माणसांच्या हातात असतात.

केमोसोबत काय जुळत नाही

जेमसिटाबिन-सिस्प्लॅटिनची सायकल २१ दिवसांची, सलाइन पहिल्या आणि आठव्या दिवशी. निदान सलाइनच्या आदल्या, त्या आणि नंतरच्या दोन दिवशी कोणतेही वनस्पतिज औषध घेऊ नये असे सांगणे सुरक्षित ठरते. मळमळ, जुलाब, काऊंट पडणे हे कशाने झाले ते मग ओळखता येते.

ज्येष्ठमध, चिनी नाव गानत्साओ, जवळजवळ प्रत्येक चिनी काढ्यात असते. काढ्याला गोड आणि ‘सुसंवादी’ करते म्हणतात. त्यातले ग्लिसिरिझिन शरीरात मीठ धरून ठेवते आणि पोटॅशियम बाहेर टाकते. रक्तदाब वाढला, पाय सुजले, मांड्या गळून गेल्या तर आधी पोटॅशियम तपासा. श्याओ छाइहू थांग हा यकृतासाठी प्रसिद्ध सात वनस्पतींचा काढा. जपानमध्ये इंटरफेरॉन या यकृतदाहावरच्या औषधासोबत तो घेणाऱ्यांत फुप्फुसाच्या जाळ्याला सूज येऊन मृत्यू झाले आणि १९९६ मध्ये सरकारने इशारा काढला. यकृताचा सिऱ्होसिस किंवा कर्करोग असलेल्यांना तिथे तो वर्ज्य आहे. जेमसिटाबिनही फुप्फुसाला अशीच सूज आणू शकते. दोन्ही एकत्र नकोत, आणि कोरडा खोकला व जिना चढताना नव्याने दम लागणे याकडे ‘सर्दी आहे’ म्हणून पाहू नका.

वूवेइझी हे चिनी औषधातले सुके फळ यकृतातले सीवायपी-३ए४ हे विकर अडवते. पेमिगाटिनिब आणि इव्होसिडेनिब या लक्ष्यवेधी गोळ्या याच विकराने मोडल्या जातात. त्यांची पातळी वाढली की त्रासही वाढतो. काही निवडक रुग्णांत यकृतरोपण होते, त्यांच्या टॅक्रोलिमसची (नवे यकृत नाकारले जाऊ नये म्हणून देतात ते औषध) पातळीही वूवेइझीने चढते. इव्होसिडेनिब हृदयाच्या ठोक्यातले क्यूटी अंतर (ईसीजीवरचे एक माप, जे लांबले की ठोके बिघडू शकतात) वाढवते, म्हणून बर्बेरिन आणि भेकाचे छानसू तिथे नकोत. छानसूतले बुफालिन डिजॉक्सिनच्या जातीचे आहे, पोटॅशियम कमी असताना ते ठोके बिघडवते. कॅपेसिटाबिन या केमोच्या गोळीवर असलेला माणूस रक्त पातळ करणारे वॉरफरिनही घेत असेल तर आयएनआर आधीच उसळतो. त्यात दानशेन किंवा दांगग्वेई म्हणजे रक्तस्रावाला आमंत्रण. शस्त्रक्रिया, बायोप्सी किंवा दुर्बिणीतून चीर देऊन स्टेंट टाकण्यापूर्वी किमान दोन आठवडे सगळी वनस्पतिज औषधे थांबवा. स्टेंट तातडीचा असेल तर थांबायला वेळ नसतो; तेव्हा शेवटची मात्रा कधी घेतली ते डॉक्टरांना सांगा.

इम्युनोथेरपी चालू असेल तर मुद्दा आणखी नाजूक. ड्युरव्हॅलुमॅब किंवा पेम्ब्रोलिझुमॅबमुळे यकृताला प्रतिकारशक्तीची सूज येऊ शकते. काढाही यकृत सुजवू शकतो. रिपोर्टमध्ये दोन्ही सारखेच दिसतात. काढ्याची माहिती लपवली तर डॉक्टर इम्युनोथेरपी बंद करतात, स्टेरॉइड सुरू करतात, आणि उपयोगी पडणारे औषध विनाकारण हातचे जाते.

नाव सारखे, वनस्पती वेगळी

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन घटवण्याच्या गोळ्या घेतलेल्या शंभराहून अधिक बायकांची मूत्रपिंडे निकामी झाली. गोळ्यांत हान फांगजी हवे होते, पडले ग्वांग फांगजी. नावात ‘फांगजी’ समान, पण दुसरे अ‍ॅरिस्टोलोकिया कुळातले. त्यातले अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल मूत्रपिंड खाते आणि स्वतः कर्करोगकारक आहे. मुथोंग आणि ग्वान मुथोंग ही तशीच जोडी. सानछी हे जिनसेंगच्या कुळातले, थूसानछी मात्र यकृताच्या बारीक शिरा बंद करणारे. सिस्प्लॅटिन मूत्रपिंडावर आणि गाठ यकृतावर आधीच ताण देत असताना अशी अदलाबदल जीव घेते.

म्हणून पुडक्यावर पूर्ण शास्त्रीय नाव, वनस्पतीचा भाग, प्रक्रिया कशी केली, बॅच क्रमांक आणि शिसे, पारा, आर्सेनिक, कॅडमियम यांच्या चाचणीचा दाखला हवा. ‘गुप्त सूत्र’ लिहिले असेल तर परत करा. हशौवू, ह्वांग याओझी, बाइश्यानपी, लेइगोंगथेंग या चार वनस्पतींची यकृतविषारीपणासाठी नोंद आहे. पित्तनलिकेच्या रुग्णाच्या घरात त्यांना जागा नाही. खूशेन, कांगलाइत, आइदी अशी चिनी इंजेक्शने रुग्णालयाबाहेर कधीही टोचू नयेत, अ‍ॅलर्जीने काही मिनिटांत रक्तदाब कोसळू शकतो.

सुरुवात आणि थांबणे

एका वेळी एकच नवे औषध. सुरू करण्याच्या आठवड्यातले रिपोर्ट हा पाया, पुन्हा दोन आठवड्यांनी आणि चार आठवड्यांनी. पित्तनलिकेच्या रुग्णाचे आकडे मुळातच वर असतात, त्यामुळे प्रयोगशाळेच्या नॉर्मलशी नव्हे, त्याच्याच पायाशी तुलना करा. एएलटी पायाच्या दुप्पट झाला, बिलिरुबिन चढू लागले, पोटॅशियम ३.५ च्या खाली गेले किंवा क्रिएटिनिन वाढले तर औषध त्याच दिवशी बंद, आणि नलिकेची सोनोग्राफी. ‘शरीरातली घाण बाहेर पडते आहे’ म्हणून अशा वाढीला चांगले लक्षण मानणाऱ्याचे ऐकू नका. चार आठवड्यांत भूक, वजन, झोप, मळमळ यांपैकी ज्यासाठी औषध सुरू केले त्यात फरक नसेल तर तेही थांबवा. गाठ मात्र स्कॅननेच मोजायची, ठरलेल्या अंतराने.

घरात दाराजवळ एक कागद लावून ठेवा. त्यावर स्टेंटची तारीख आणि प्रकार, शेवटच्या केमोची तारीख, शेवटचे बिलिरुबिन आणि प्लेटलेट, चालू असलेल्या प्रत्येक चिनी औषधाचे शास्त्रीय नाव, दिवसाची मात्रा आणि शेवटची मात्रा कधी घेतली ते. रात्री ताप चढला तर हा कागद आणि औषधाचे मूळ पुडके सोबत घ्या. पुडक्यावरचे चिनी लिपीतले नाव फाडू किंवा खोडू नका. काही बिघडलेच तर नेमकी कोणती वनस्पती पोटात गेली हे त्यावरूनच शोधता येते.